खुडूक कोंबडी न् तिची पिल्लं: कळपातच ठेवायची की वेगळी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरी 9 गावरान कोंबड्या न् 1 कोंबडा, त्यातली करडी कोंबडी खुडूक होऊन (म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागून) 11 अंड्यांवर बसलीय, आज 12 वा दिवस, आणि पिल्लं निघाली की बाकीच्या कोंबड्या टोचून मारतील का ही धाकधूक. सासूबाई म्हणतात डाल्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) झाक दोन दिवस न् मग सोड, मिस्टर म्हणतात दोन महिने वेगळा पिंजरा करू. तर सासूबाईंचं ऐका. अगदी शंभर टक्के नाही, पण बरंचसं.

मी चिपळूणच्या बाजूला राहतो, वीसेक वर्षं गावरान कोंबड्या आहेत, वर्षाला पाच-सहा रवणी होतात, म्हणजे तितक्या वेळा कोंबडी अंड्यांवर बसवून पिल्लं काढतो. सुरवातीला मीपण पिंजरावालाच होतो. एकदा हौसेने गोठ्यामागे जाळी मारून मस्त पिंजरा केला, आई न् 9 पिल्लं आत, सहा आठवडे एकही पिल्लू दगावलं नाही, मी गावभर सांगत सुटलो. मग दार उघडलं. सहा आठवड्यांत बाकीच्या कोंबड्या तिला पार विसरलेल्या, त्यांच्या लेखी ही परकी, दहा मिनिटांत तिचा तुरा रक्ताने लाल. आणि नेमकी तेव्हाच ती पिल्लांना सोडायच्या बेतात होती त्यामुळे तिने पिल्लांची बाजू घेतलीच नाही, स्वतःच वृंदावनाच्या मागे जाऊन बसली, पिल्लं सैरावैरा. तीन दिवसांत दोन गेली, एकाचा डोळा गेला. म्हणजे आई वाघीण असते ते दिवस मी तिला जाळीत कोंडून फुकट घालवले आणि तिचा राग उतरल्यावर लढाईला बाहेर काढली. तुमच्या मिस्टरांचा प्लॅन हाच आहे म्हणून एवढं सांगितलं.

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते, एक नंबरची सगळ्यांना टोचते, शेवटची सगळ्यांकडून टोचून घेते. हे आपल्या आज्यांना माहीत होतंच, पण नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने 1921 च्या सुमारास त्याचा रीतसर अभ्यास मांडला, तो लहानपणापासून कोंबड्यांजवळ वही घेऊन बसायचा म्हणे. या उतरंडीत आईविना आलेलं पिल्लू म्हणजे कोणीच नाही, त्याला कोणीही टोचावं. पण आईबरोबर फिरणारं पिल्लू आईच्या नंबरवर जगतं. आणि पिल्लांची आई झाली की खालच्या नंबरची कोंबडीसुद्धा तात्पुरती वर चढते, अंग फुलवून, पंख खाली सोडून असा काही आवाज काढते की कुत्रा मागे सरतो. हा जोर पहिले तीन-चार आठवडे कडक असतो, मग हळूहळू ओसरतो. पिल्लांची कळपाशी ओळख त्या दिवसांतच उरकून घ्यायची, बाकी आपण फार शहाणपणा करायचा नाही.

आता तुमचा 12 वा दिवस आहे तर आधी पुढच्या नऊ दिवसांचं बघू. बाकीच्या कोंबड्या तिच्याच खोप्यात येऊन अंडी घालतात का ते पहा, बहुतेक घालत असणार, कारण कोंबडीला रिकामी टोपली सोडून भरलेल्या टोपलीतच घालायचं असतं. मूळ 11 अंड्यांवर पेन्सिलीने गोल रेघ मारा, संध्याकाळी बिनरेघेचं दिसलं की काढून घ्या. नाहीतर अर्धी पिल्लं 21 व्या दिवशी बाहेर आणि उरलेली अंडी अर्धवट, आई पिल्लं घेऊन उठते आणि ती अंडी वाया. दुसरं, टोपली कुठे आहे? कोकणात पडवीच्या भिंतीला उंच टांगायची सवय आहे, अंडी घालायला ती बरी पण पिल्लं काढायला नाही. पिल्लं वरून टुणकन उडी मारतात, त्यांना काही होत नाही, पण रात्री परत वर चढता येत नाही, आई वर बसते न् पिल्लं खाली कुडकुडत राहतात. म्हणून 18 व्या दिवसाच्या आत कोंबडी टोपलीसकट उचलून जमिनीवर आणा, रात्री, काळोखात, टॉर्च न लावता. दिवसा हलवली तर उठून जुन्याच जागी जाऊन नुसत्या फळीवर बसेल, माझ्याकडे बसलीय. खाली राखेचा थर, वर पेंढा. राख पिसवांसाठी, खुडूक कोंबडीला पिसवा झाल्या तर ती रक्त देऊन देऊन फिकी पडते आणि कधीकधी अंडी टाकून उठते.

ती दिवसातून एकदा 15-20 मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, ढीगभर घाण वासाचं हगते (ते आजारपण नाही, दिवसभराचं साठलेलं असतं) आणि धुळीत लोळून परत येते. त्या वेळात बाकीच्या तिला दाण्यावरून हाकलत असतील तर तिच्यापुरती वाटी बाजूला ठेवा. 18 व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. आतून चिवचिव ऐकू येईल, कोंबडी पण हळू आवाजात कुडकुड करून उत्तर देते, आईचा आवाज त्यांना अंड्यातच ओळखीचा होतो. पिल्लं निघायला पहिल्यापासून शेवटपर्यंत एक-दीड दिवस लागू शकतो, तोवर सुकलेली पिल्लं आईच्या पोटाखाली उपाशी दिसतात म्हणून जीव कासावीस होतो आपला, पण अंड्यातला पिवळा बलक निघायच्या आधी त्यांच्या पोटात ओढला गेलेला असतो, दोन दिवस त्याच्यावर काढतात आरामात. कवच फोडून मदत करू नका. 23 व्या दिवशी जी अंडी राहिली ती काढून टाका. फक्त एखादं कानाशी धरल्यावर आतून आवाज देत असेल तर फडक्यात गुंडाळून खोक्यात साध्या पिवळ्या बल्बच्या उबेला ठेवा, निघालं तर त्याच रात्री आईखाली सरकवा. दोन-तीन दिवसांनंतर सरकवलेलं पिल्लू आई ओळखत नाही, कधी टोचून मारते, आणि बाहेरून विकत आणलेली पिल्लं तिच्या गळ्यात घालायची असतील तरी हाच नियम, पहिले दोन दिवस आणि फक्त रात्री.

आता डालं. आपलं बांबूचं मोठं डालं, उपडं घालायचं. मला हे कोणीतरी फार विचार करून शोधलंय असं वाटतं, कारण त्याच्या फटीतून बाकीच्या कोंबड्यांना पिल्लं दिसतात, आवाज येतो, पण चोच पोचत नाही. पिल्लं खाली उतरली की दोन-तीन दिवस आई न् पिल्लं डाल्याखाली ठेवायची, पण अंगणात, सगळ्यांच्या मधे, गोठ्याच्या कोपऱ्यात नाही. पहिल्या दिवशी बाकीच्या डाल्याभोवती मान वाकडी करून करून बघतात, तिसऱ्या दिवशी कोणी ढुंकून बघत नाही. कोणी बघेनासं झालं की डालं उचलायचं. वेळ सकाळची, बाकीच्या दाणे खाऊन परसात पांगल्या की. सगळ्या दाण्यावर गोळा झालेल्या असताना सोडू नका, दाण्यावर भांडणं होतातच.

गेल्या थंडीतलं सांगतो. माझी एक बुटकी काळी कोंबडी, उतरंडीत शेवटून दुसरी, 8 पिल्लं घेऊन डाल्याबाहेर आली. समोर तांबडी, आमच्या अंगणाची मालकीण. एक पिल्लू कसल्याशा किड्यामागे पळत तिच्या पायाशी गेलं, तांबडीने मान खाली केली न् डोक्यावर एक टोच दिली, पिल्लू किंचाळलं. काळी तिथून पाच-सहा फुटांवर होती, ती चालत नाही आली, उडत आली, दोन्ही पाय पुढे करून तांबडीच्या छातीवर, पिसं उडाली, तांबडी ओरडत माडाच्या आळ्यात जाऊन उभी राहिली. अर्ध्या मिनिटाचा खेळ. त्यानंतर तांबडी पिल्लांपासून हातभर लांबून जायला लागली. मी काठी घेऊन उभा होतो, तिचा काही उपयोग झाला नाही. अशी एक-दोन प्रकरणं तुमच्याकडे पण होतील, एखादी टोच पिल्लाला लागेल, होऊदे, मधे पडू नका. रक्त निघालं किंवा एखादी कोंबडी मुद्दाम पाठलाग करून मारतेय असं दिसलं तर मात्र त्या मारकुट्या कोंबडीला चार-पाच दिवस वेगळी कोंडा, आईला नाही. लोक नेमकं उलटं करतात. मारकुटी परत आली की तिचा स्वतःचाच नंबर घसरलेला असतो.

कोंबड्याची फार काळजी नको. गावरान कोंबडा बहुतेक वेळा पिल्लांच्या वाटेला जात नाही, उलट किडा सापडला की टुकटुक आवाज करून बोलावतो. तरणे नर जास्त असतील तर ते पिल्लांच्या आईला छळतात, ती धावपळीत पिल्लं तुडवते, पण तुमच्याकडे एकच आहे.

खाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही. तुम्ही लिहिलंय की बाकीच्यांना लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं खाणं, देता. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना लागतं एक टक्का, रोज ते खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. एकाच अंगणात दोन प्रकारचं खाणं सांभाळणं कटकटीचं, म्हणून सोपा उपाय, दोन महिने सगळ्यांनाच चिक स्टार्टर (पिल्लांचं विकतचं खाणं) द्या आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल. स्टार्टर महाग पडतं हे कबूल. खर्च वाचवायचा तर भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट घ्या, उपडं करून चार कोपऱ्यांखाली आडवी वीट ठेवा, वर एक धोंडा. खाली तीन-एक इंचाची फट राहते, पिल्लं सुरकन आत जातात, मोठी कोंबडी नुसती मान घालून चडफडते. आत फक्त पिल्लांचं खाणं. आईला पण आत जाता येत नाही म्हणून पहिल्या दिवशी चिमूटभर स्टार्टर फटीच्या बाहेर टाका, आई टुकटुक करत चोचीने उचलून खाली टाकून दाखवते हे खा म्हणून, पिल्लं तिच्या चोचीकडे बघून शिकतात, मग माग काढत आत जातात. हे क्रेट पळवाट म्हणून पण कामाला येतं, कोणी मागे लागलं की आत.

नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पिल्लं वाढवू नका, जगतात पण पिसं धरत नाहीत. कणीबरोबर काहीतरी जिवंत पाहिजे. आमच्याकडे जुनी पद्धत आहे, फुटक्या मडक्यात शेण न् गोणपाटाचा तुकडा ओला करून संध्याकाळी वारुळाजवळ उपडं घालायचं, सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं, पिल्लांपुढे आपटायचं. फुकटचं प्रोटीन, आणि पिल्लांची झुंबड बघण्यासारखी असते.

पाणी बुटक्या थाळीत आणि त्यात गोटे टाका. बादली, टोप, गुरांचं पाण्याचं भांडं सगळं झाका किंवा उचला, माझ्याकडे कोंबड्यांनी टोचून मेलेल्या पिल्लांपेक्षा पाण्यात बुडून मेलेली जास्त आहेत, खरंच.

न् वरून येणारी संकटं. घार आली की आई एक लांब कुर्र्र असा आवाज काढते, पिल्लं आहे तिथे दडतात नाहीतर पोटाखाली घुसतात, मांजर दिसलं की आवाज वेगळा, कॅक-कॅक-कॅक. पण दडायला जागा हवी ना. मोकळं सारवलेलं अंगण म्हणजे घारीला ताट वाढल्यासारखं. दोन-तीन ठिकाणी जुने झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) भिंतीला तिरके लावून ठेवा, नाहीतर मच्छीवाल्यांचं जुनं जाळं अंगणाच्या एका भागावर ताणा. भारद्वाज दिसायला सोज्वळ पण पिल्लं उचलतो हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. मुंगूस न् धामण दिवसा येतात, उदमांजर रात्री. रात्री पहिले पाच-सहा आठवडे आई पिल्लं घेऊन जमिनीवरच बसते, त्यामुळे खुराड्यात तिला खालचा कोपरा मोकळा हवा, वरच्या दांड्यावर बसलेल्यांची घाण अंगावर पडणार नाही असा, आणि दाराखालची फट बुजवा, बिबट्याची भीती घालतात लोक पण पिल्लं खरी जातात ती दोन बोटांच्या फटीतून.

लसीचं विसरू नका, मानमोडी (राणीखेत रोग) आली की कळप न् पिल्लं असा फरक करत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, मग सात-आठ आठवड्यांनी त्याच रोगाच्या आरटूबी लसीचं इंजेक्शन. बाटली 100 पिल्लांची येते न् तुमच्याकडे दहा, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी ठरवा, बर्फात आणायची आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवायची. गुरांच्या दवाखान्यात विचारा, मिळते. थेंब घालायला दिवसा पिल्लू पकडलंत तर आई तुमच्या तोंडावर येईल, त्यापेक्षा तिन्हीसांजेला आई बसली की पोटाखालून एकेक काढायचं, थेंब, परत सरकवायचं, मोजणी पण होते. तीन ते सहा आठवड्यांत पिल्लू पंख पाडून पेंगायला लागलं न् हगवणीत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, ओल्या जागेत होते, पाण्यात द्यायचं अँप्रोलियम मिळतं पण डोस डॉक्टरांना विचारून, आणि त्याच दिवशी खुराड्यातला ओला भुसा बाहेर. पावसाळ्यात रवण नकोच असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणायची ते याच्यासाठी.

आता ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं ते. सगळे पहिल्या आठवड्याला घाबरतात, पण कळपात वाढणाऱ्या पिल्लांचा खरा वाईट काळ सहाव्या ते नवव्या आठवड्यात येतो. एक दिवस आईचा तुरा परत लालभडक दिसायला लागतो, ती कॉक-कॉक करत अंड्याची जागा शोधते, कोंबड्याला जवळ येऊ देते, आणि काल ज्या पिल्लाला किडा भरवला त्याच्याच डोक्यात टोच मारून हाकलते. संध्याकाळी उडून वरच्या दांड्यावर जाते, पिल्लं खाली जुन्या कोपऱ्यात ढीग करून चिवचिवत बसतात, आणि ते ऐकवत नाही. माझी मुलगी लहान असताना रडली होती, आईला परत खाली आण म्हणाली. आणलं तर पाच मिनिटांत परत वर. या दिवसापासून पिल्लांचा आईचा नंबर गेला, आता पिल्लं उतरंडीच्या तळाला. बाकीच्या कोंबड्या ओळखतात म्हणून जीव घेत नाहीत पण दाण्यावर उभ्या करत नाहीत.

इथे तुमचं काम सुरू होतं. दाणे एका जागी न टाकता दोन-तीन ठिकाणी, एकमेकांना दिसणार नाहीत अशा. पिल्लं मोठी होतील तशी विटेवर वीट ठेवून क्रेटची फट वाढवा, बाराव्या आठवड्यापर्यंत ते क्रेट हलवू नका. खुराड्यात फूटभर उंचीवर एक बुटकी दांडी बांधा, आईच्या मागे वर चढू बघणाऱ्या पिल्लांना पायरी मिळते. आणि भावंडं फोडू नका, पाहुण्यांना दोन द्या, शेजारी दोन द्या असं या वयात करू नका, सहा-सात एकत्र असली की टिकतात, एकटं दुकटं पिल्लू मार खातं. तलंगा (तरण्या माद्या) अंड्याला आल्या, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांनी, की आपोआप वर सरकतात. नर दहा-बारा आठवड्यांनंतर आपसात भिडायला लागतात, त्यांचं काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको.

मिस्टरांचा पिंजरा अगदीच चूक नाही बरं का. कोंबड्या बाहेर सुटतच नसतील, दहा बाय दहाच्या जाळीत सगळ्या असतील, तर पळायला जागा नाही, तिथे त्याच जाळीत मधे आडवी जाळी मारून दहा-बारा दिवस एकमेकांना दिसतील असं ठेवा. आणि कोंबडी स्वतःच पिल्लांना टोचणारी निघाली तर काढून घ्यावीच लागतात, पहिलटकरीण असेल तर कधी होतं असं. पण तुम्ही परस न् अंगण लिहिलंय म्हणजे जागा आहे.

हे सगळं पुढचं. आज रात्री करायचं काम एवढंच, कोंबडीच्या पोटाखालून एकेक अंडं काढून मोबाइलच्या टॉर्चवर धरा, काळोखात. आत मोठा काळपट गोळा न् लाल शिरा, वरच्या टोकाला रिकामी पोकळी, ते चांगलं. लख्ख पिवळं पारदर्शक ते फळलेलं नाही, नुसताच पातळ काळा डोह हलत असेल तर नासलंय, दोन्ही काढा, नासकं फुटलं तर बाकीच्यांना पण खराब करतं. पाच-सात मिनिटांत उरका न् किती भरलीत ते सांगा, त्याच्यावर डालं केवढं लागेल ते ठरवू. हातात ओढणी गुंडाळा, करडी टोचणार.